दार उघडं धरणारं मॅग्नेट वेगळं, दार बंद ठेवणारं वेगळं

निपाणीतल्या एका ट्रस्टच्या चार मजली हॉस्पिटलची व्यवस्था बघणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: जिन्याकडची आणि वॉर्डांच्या मधली फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारी दारं, दिवसभर उघडी लागतात, कारण स्ट्रेचर, जेवणाची ट्रॉली आणि नातेवाईक यांची ये-जा थांबत नाही. कर्मचारी दाराखाली लाकडी पाचर ठोकतात, नाहीतर रिकामा ऑक्सिजन सिलिंडर टेकवतात. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. मग नेहमीच्या सीसीटीव्हीवाल्यानं ‘दारांना मॅग्नेट लावून देतो’ म्हणून कोटेशन दिलं, त्यात ‘280 किलो ईएम लॉक, 12 नग’ असं लिहिलंय. ते घ्यावं का, लाइट गेली तर काय, आणि चोरीच्या भीतीनं रात्री जिन्याच्या दाराला जे कुलूप घालतो त्याचं काय करायचं, असे तीन प्रश्न त्यात आहेत.

ताई, ते कोटेशन आधी परत पाठवा. त्यानं सांगितलेली वस्तू खोटी नाही, पण तुमच्या कामाची नाही. 280 किलोचं ईएम लॉक म्हणजे दार बंद ठेवणारं मॅग्नेट. एटीएमच्या किंवा सर्व्हर रूमच्या दाराला वर चौकटीत लांबट पट्टी असते, कार्ड दाखवलं की सुटते, ते हे. तुम्हाला हवाय डोअर होल्डर, म्हणजे दार उघडं धरून ठेवणारं आणि आगीची वर्दी आली की सोडून देणारं मॅग्नेट. ते भिंतीवर किंवा जमिनीवर बसतं, हाताच्या पंजाएवढं असतं, आणि त्याची पकड माणसानं जरा जोर लावून ओढलं तर सुटेल इतकीच असते. दोन्हींत कॉइल आणि लोखंडी प्लेट असते, दोन्ही 24 व्होल्टवर चालतात, म्हणून कॅमेरेवाल्या मंडळींची गल्लत होते. पण एकाचा दोष म्हणजे माणूस आत अडकतो, दुसऱ्याचा दोष म्हणजे धूर बाहेर पसरतो.

हॉस्पिटलला हे दार का लागतं, तेही सांगतो, कारण पाचर ठोकणाऱ्या वॉर्डबॉयला ते कोणी सांगितलेलं नसतं. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे तळघरात आग लागली. वरच्या मजल्यांवर ज्वाळा पोचल्याच नाहीत, धूर पोचला. सुमारे 90 माणसं गेली, त्यातले बहुतेक अंथरुणाला खिळलेले रुग्ण गुदमरून गेले. चालता माणूस जिन्यानं पळतो, पण आयसीयूतला रुग्ण पळत नाही. त्याला त्याच मजल्यावर, दाराच्या पलीकडच्या स्वच्छ भागात ढकलत न्यायचं असतं, आणि ते दार बंद असेल तरच पलीकडचा भाग स्वच्छ राहतो. पाचर ठोकलेलं फायर डोअर म्हणजे महागडा पडदा. तुमच्या अधिकाऱ्यांची हरकत रास्तच आहे.

आता होल्डर कसं चालतं ते. कॉइलमध्ये करंट आहे तोवर मॅग्नेट, करंट गेला की साधं लोखंड. दाराच्या पल्ल्यावर एक गोल प्लेट असते, ती थोडी हलती असते म्हणजे दार किंचित वाकडं असलं तरी मॅग्नेटला सपाट चिकटते. मॅग्नेटच्या तोंडाशी बघाल तर मध्यभागी स्प्रिंगवरची एक छोटी पिन दिसेल, बोटानं दाबली तर आत जाते. ही पिन फार कामाची. करंट तुटल्यावरही लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, ते प्लेटला चिकटवून ठेवू शकतं. पिन तिला ढकलून सुटी करते. स्वस्त मालात ही पिन नसते किंवा जाम झालेली असते. विकत घेताना ती दाबून बघा, एवढ्यावरून माल कळतो.

होल्डर दार बंद करत नाही, हेही लक्षात घ्या. ते फक्त सोडतं. बंद करतो तो डोअर क्लोजर, म्हणजे वरचा तेलाचा हायड्रॉलिक हात. म्हणून होल्डरचं कोटेशन मागवण्याआधी बारा दारं एकेक करून स्वतः पूर्ण उघडा आणि सोडा. दार आपोआप येऊन, चौकटीत बसून, लॅच टकदिशी लागलं पाहिजे. निम्म्या जागी ते लागणार नाही, हे आताच सांगतो. बिजागरी खाली बसलेली असते, फरशीचं काम नंतर झाल्यानं पल्ला घासत असतो, नाहीतर क्लोजरच लहान असतो. युरोपियन मोजणीत 950 मिमीपर्यंतच्या पल्ल्याला 3 नंबरचा क्लोजर, 1100 पर्यंत 4 नंबर आणि 1250 पर्यंत 5 नंबर लागतो. पल्ला जड असेल तर त्याहून वरचा. स्ट्रेचरची दारं रुंद आणि जड, आणि त्यांना ऑफिसच्या केबिनचे क्लोजर मारलेले मी आपल्या भागात सर्रास बघतो. काही क्लोजरच्या हातात 90 अंशाला अडकून राहायची सोय असते, दुकानवाला ती खास सांगून विकतो. फायर डोअरला असा हात अजिबात नको, ती पाचरच झाली, फक्त लोखंडाची.

दोन पल्ल्यांच्या दारात आणखी एक भानगड. दोन्ही पल्ले एकदम सुटले आणि ज्याच्यावर मधली फट झाकणारी पट्टी आहे तो आधी बंद झाला, तर दुसरा त्याच्यावर आपटून अर्धवट उघडा राहतो. म्हणून वर सिलेक्टर नावाचा एक लहान तुकडा बसवतात, तो पल्ल्यांचा क्रम सांभाळतो. कोटेशनमध्ये हा हमखास विसरलेला असतो. किंमत किरकोळ, पण तो नसेल तर बाकीचा खर्च पाण्यात.

बसवण्याबाबत दोन गोष्टी. पहिली, होल्डर शक्यतो क्लोजरच्या उंचीजवळ, म्हणजे वरच्या बाजूला बसवा. क्लोजर वरून ढकलतोय आणि मॅग्नेट खालून धरतंय, असं वर्षभर चाललं की पल्ल्याला पीळ पडतो आणि मग वरचा कोपरा चौकटीला टेकत नाही, तिथून धूर जातो. दुसरी, जिप्समच्या पार्टिशनवर नुसता रावळप्लग मारून होल्डर बसवू नका. दिवसातून पन्नास वेळा कोणीतरी दार त्यावर आपटणार, महिनाभरात ते भिंतीसकट हातात येईल. आतून लाकडाचा किंवा लोखंडाचा आधार द्या, नाहीतर जमिनीवर बसणारा प्रकार घ्या. आणि दाराला भोकं पाडायला सुताराला सोडू नका. ते आयएस 3614 या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेलं दार असतं, आत भराव असतो. ज्यानं दार पुरवलं त्याच्याकडूनच प्लेटचा आरपार बोल्ट बसवून घ्या.

आता वायरिंग. प्रश्नाचा खरा जीव इथे आहे, आणि बहुतेक चुकाही इथेच होतात.

होल्डरला 24 व्होल्टचा करंट फायर पॅनेलच्या, म्हणजे डिटेक्टर आणि सायरन सांभाळणाऱ्या मुख्य पेटीच्या, हुकमातून गेला पाहिजे. अलार्म आला की तो तुटला पाहिजे. इथपर्यंत सगळे करतात. पण कसा तुटतो हे बघा. सोपा आणि चुकीचा मार्ग असा: एक रिले, म्हणजे करंटनं चालणारा स्विच, घ्यायचा, तो अलार्म आल्यावर पॅनेलनं करंट देऊन ओढायचा, आणि त्याच्या एनसी टोकातून (रिले सुटलेला असताना जोडलेलं असतं ते) होल्डरला करंट द्यायचा. चाचणीत हे झकास चालतं. सायरन वाजतो, दारं धडाधड बंद होतात, सगळे टाळ्या वाजवतात. पण पॅनेलच बंद पडलं असेल, त्याचा फ्यूज गेला असेल, किंवा रिलेची वायर उंदरानं कुरतडली असेल, तर रिले कधीच ओढला जाणार नाही आणि दारं उघडीच राहतील. आगीच्या वेळी आधी काय बिघडतं? तर हेच.

बरोबर मार्ग उलटा आहे. रिले नेहमीच्या वेळी ओढलेला ठेवायचा आणि होल्डरचा करंट त्याच्या एनओ टोकातून (रिले ओढलेला असतानाच जोडलेलं असतं ते) न्यायचा. बहुतेक पॅनेलच्या आतला फायर रिले एरवी सुटलेला असतो. म्हणून पॅनेलच्या ऑक्झिलरी (बाहेरच्या जोडण्यांसाठीच्या) 24 व्होल्टवरून, त्या फायर रिलेच्या एनसी टोकातून वाट काढून, बाहेर दुसरा एक रिले ओढून ठेवायचा. अलार्म आला, बाहेरचा रिले सुटला, दारं सुटली. पॅनेल मेलं, तरी रिले सुटला, दारं सुटली. वायर तुटली, तरी तेच. काहीही बिघडलं तरी दार बंदच होतं, अशी जोडणी हवी. तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर जोडतोय की नाही हे ओळखायला सर्किट वाचता यायची गरज नाही. पॅनेलची मेन लाइन बंद करायला सांगा, मग आतली बॅटरीची वायर काढायला सांगा, आणि होल्डरचा पुरवठा मात्र चालूच ठेवा. त्या क्षणी बाराही दारं बंद झाली पाहिजेत. नाही झाली तर बिल थांबवा.

आणखी एक बारकावा. सायरनचा आवाज म्यूट केला म्हणून होल्डरला करंट परत मिळता कामा नये. पॅनेल पूर्ण रिसेट झाल्यावरच मिळावा. नाहीतर घाबरलेला वॉचमन आधी आवाज बंद करणार, आणि कोणीतरी सवयीनं दार ढकलून परत मॅग्नेटला चिकटवणार. करंट तुटताना कॉइल उलटा झटका देते, तो जिरवायला डायोड नावाचा छोटा भाग लागतो. बऱ्याच होल्डरमध्ये तो आतच असतो, तेव्हा प्लस-मायनस बघून जोडा. डायोड नसेल तर रिलेची टोकं काही महिन्यांत भाजतात, आणि भाजून एकमेकांना चिकटली तर रिले सुटूनही करंट तुटत नाही.

लाइट जाण्याचा प्रश्न. करंट गेला की होल्डर सोडतं, म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, पुरवठा पावसाळ्यात कसा असतो ते आपण सगळे जाणतो. जनरेटर चालू व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढ्यात बारा दारं बंद. वॉर्डबॉय जाऊन सगळी उघडणार. दिवसात हे चारदा झालं की चौथ्या दिवशी पाचर परत आली म्हणून समजा, आणि त्यात त्या पोराची चूक नाही. म्हणून होल्डरसाठी वेगळा 24 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे लाइटवरून 24 व्होल्ट करून देणारा डबा, घ्या, ज्याच्यात छोटी बॅटरी बसते. ती बॅटरी जनरेटर येईपर्यंत दारं धरून ठेवेल. रिले मात्र पॅनेलच्याच हुकमात राहील, म्हणजे बॅटरी असूनही अलार्मला दारं सुटतील.

फायर पॅनेलच्या बॅटरीवर होल्डर टाकू नका. एक होल्डर साधारण 65 मिलिअँपिअर घेतं. बारांचे झाले पाऊण अँपिअरच्या वर. पॅनेलमध्ये 7 अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर नुसती दारं धरण्यातच ती नऊ तासांत संपेल. रात्री लाइट गेली, जनरेटर रुसला, तर पहाटे ना डिटेक्टर जिवंत ना सायरन.

वायरची जाडीही बघा. कॅमेऱ्याच्या कामातली उरलेली अर्ध्या स्क्वेअर मिमीची वायर 100 मीटर लांब नेली आणि बाराही होल्डर तिच्या टोकाला असतील, तर जाऊन-येऊन जवळपास 6 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. टोकाला 18 उरतात. पकड करंटच्या वर्गाच्या हिशेबानं कमी होते, म्हणजे निम्म्याच्या आसपास. मग चौथ्या मजल्यावरचं दार कुणाचा खांदा लागला तरी सुटतं, आणि लोक म्हणतात ‘मॅग्नेट खराब’. दीड स्क्वेअर मिमीची वायर घ्या, मजल्यागणिक वेगळी लाइन टाका.

कुठल्या दाराला होल्डर लावायचं? सगळ्यांना नाही. वॉर्डांच्या मधलं, कॉरिडॉरमधलं, ज्यातून ट्रॉली जाते ते दार, हे होल्डरचं खरं घर. जिन्याच्या दाराबाबत मी कडक आहे. तुमच्या इमारतीला दोन जिने असतील तर रहदारीच्या जिन्याला लावा. एकच जिना असेल तर त्याचं दार नुसतं क्लोजरवर ठेवा, येणारा-जाणारा उघडेल. चार मजल्यांची बाहेर पडायची एकच वाट रिलेच्या भरवशावर सोडायला माझा हात धजत नाही. स्टोअर, लिनन रूम, इलेक्ट्रिकल रूम यांना तर होल्डरची गरजच नाही, ती दारं उघडी राहायचं कारण नाही.

दाराच्या दोन्ही बाजूंना स्मोक डिटेक्टर हवा. पॅन्ट्रीच्या बाजूला मात्र विचार करा. फोडणीच्या धुरानं रोज सकाळी दारं बंद व्हायला लागली तर आठवड्यात कोणीतरी डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधेल. पॅन्ट्रीच्या आत हीट डिटेक्टर लावा आणि स्मोक डिटेक्टर कॉरिडॉरमध्ये, दारापासून जरा लांब.

निपाणीत हे सांगताना तंबाखूच्या वखारी आठवतात. वखारींच्या आगीच्या बंदोबस्तात पूर्वीपासूनची एक पद्धत आहे: सरकतं जाड लोखंडी दार, वजनावर तोललेलं, आणि साखळीत एक मऊ धातूची कडी. सत्तरेक अंशांना ती वितळते आणि दार आपल्या वजनानं येऊन बसतं. वीज नाही, बॅटरी नाही, मला ती रचना फार आवडते. पण ती गोदामाची. कडी वितळेपर्यंत धूर कधीच पलीकडे गेलेला असतो. तंबाखूच्या गाठींना श्वास घ्यायचा नसतो, तुमच्या रुग्णांना घ्यायचा असतो.

आता रात्रीचं कुलूप. इथे मी नरमाईनं बोलणार नाही. बंगळुरूच्या कार्ल्टन टॉवर्समध्ये 23 फेब्रुवारी 2010 ला आग लागली तेव्हा बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या असं पुढे आलं. नऊ जण गेले, त्यात काहींनी धुरामुळे वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या होत्या. जिन्याच्या दाराला आतून किल्ली लागता कामा नये, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. पण तुमची भीतीही खरी आहे. मोबाइल चोरीला जातात, आणि नवजात बाळाच्या वॉर्डात तर चोरीची भीती त्याहून मोठी. यावर तोडगा असा: बाहेरून आत येताना अडवा, आतून बाहेर जाताना अडवू नका. पॅनिक बार म्हणजे आतून ढकलायचा आडवा दांडा, बाहेरून हँडल नाही. सोबत दार उघडलं की नर्सिंग स्टेशनवर वाजणारा एक बझर. चोराला बझर नको असतो, कुलपापेक्षा तोच जास्त उपयोगी.

प्रसूती वॉर्डासारख्या जागी दार खरंच बंद ठेवायचं असेल तर तिथे ते 280 किलोचं ईएम लॉक चालेल, पण तीन अटींवर. अलार्मला ते आपोआप सुटलं पाहिजे, तेही वर सांगितलेल्या उलट्या रिलेवर. शेजारी हिरवी ब्रेक-ग्लास पेटी (काच दाबून फोडायची) हवी, जी थेट करंट तोडते, कुठल्याही कार्डमशीनला न विचारता. आणि बाहेर पडायचं साधं बटण हवं. एकाच दाराला दिवसा होल्डर आणि रात्री लॉक अशीही जोडणी होते, एका स्विचवर. रात्री दहाला नर्सनं स्विच फिरवला की सगळे होल्डर सुटतात आणि दारं बंद होतात. झोपेच्या वेळी दारं बंद असावीत असं मी प्रत्येक हॉस्पिटलला आणि लॉजला सांगतो. रात्री ट्रॉली नसते, आणि आग उशिरा लक्षात येते.

देखभाल फार नाही, पण आहे. आठवड्यातून एकदा अलार्मची चाचणी घेता तेव्हा एकानं मजल्यांवर फिरून बघायचं: प्रत्येक दार सुटलं का, पूर्ण बंद झालं का, लॅच लागलं का. वहीत तारीख आणि सही. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात प्लेटला गंज धरतो, तुमच्याकडे तितकं नाही, तरी कोरड्या फडक्यानं पुसत जा. हात लावल्यावर मॅग्नेट कोमट लागलं तर घाबरू नका, सतत करंट असल्यानं ते तसंच असतं. गणपतीच्या आधी रंगकाम काढाल तेव्हा रंगाऱ्याला दम देऊन ठेवा. तो भिंतीबरोबर मॅग्नेटचं तोंड आणि दारावरची प्लेटही ऑइल पेंटनं गुळगुळीत करून टाकतो. रंगाचा तेवढा थरसुद्धा पकड बरीच कमी करतो, आणि पिन रंगात चिकटली तर उलटाच त्रास. आवाज होतो म्हणून कोणी प्लेटवर टेप लावतं, तीही काढा. दारावरची सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, आणि पाचरीवर फुली मारलेलं एक चित्र काढा, कारण रात्रपाळीचा माणूस दोन्हींपैकी काहीही वाचणारा किंवा न वाचणारा असू शकतो.

शेवटची गोष्ट ठेकेदाराची. कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ, तेव्हा तिकडचा ठेकेदार येईल आणि ‘फॉर्म बी देतो’ म्हणेल. तो आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा, महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यातला कागद आहे, तिकडे दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. काम तो उत्तम करील, घ्या त्याच्याकडून, पण तो कागद निपाणीत चालणार नाही. तुमचा संबंध कर्नाटक राज्य अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा खात्याशी. ज्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली त्यांना दारांचा नकाशा घेऊन भेटा, कुठल्या दाराला होल्डर आणि कुठल्याला नाही हे त्यांना दाखवून मगच ऑर्डर द्या. आणि ऑर्डरमध्ये लिहा: होल्डर 24 व्होल्ट डीसी, पिनवाले, वेगळा एसएमपीएस बॅटरीसह, रिले नेहमी ओढलेला, क्लोजर पल्ल्याच्या मापाचा, दोन पल्ल्यांच्या दारांना सिलेक्टर, ताबा देताना पॅनेलची लाइन आणि बॅटरी दोन्ही काढून चाचणी. वीस टक्के रक्कम त्या चाचणीनंतर.